फाटलेल्या कोनवर तुमच्या किटने पाडलेली दुसरी चीर

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : स्पीकरचा फाटलेला कोन घरी जोडण्याच्या किटबद्दल तक्रार

महोदय,

आधीच कबूल करतो, कोन, म्हणजे हलून आवाज काढणारा स्पीकरचा शंकूसारखा पडदा, मीच फाडला. जाळीचा स्क्रू पिळताना स्क्रूड्रायव्हर निसटला आणि साडेसहा इंची वूफरच्या, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरच्या, कागदी कोनला जेमतेम २ सेंटिमीटरची चीर पडली. त्याचं खापर तुमच्यावर फोडत नाही. तक्रार आहे ती त्यानंतरची.

तुमचं किट मागवलं. आत झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी, जाडसर कापडाचे चार गोल तुकडे आणि ‘सर्व प्रकारच्या कोनसाठी, १० मिनिटांत तयार’ असं मिरवणारा एक कागद. त्या कागदाबरहुकूम चिरेत गोंद भरला, वर कापड दाबलं, घड्याळ लावून १० मिनिटं बसलो. दोन दिवस ठीक वाजलं. तिसऱ्या दिवशी खर्जातला आवाज आला की फर्र फर्र. जाळी काढून बघतो तर तुमचं ठिगळ जागच्या जागी, दगडासारखं घट्ट, आणि त्याच्या कडेला लागून नवी चीर. ही ४ सेंटिमीटरची.

हे होणारच होतं. हा गोंद वाळला की कडक आणि ठिसूळ होतो. खर्ज वाजताना कोन सेकंदाला पन्नास-शंभर वेळा पुढेमागे होतो. कडक ठिगळ जिथे संपतं आणि लवचीक कागद जिथे सुरू होतो, नेमका तिथेच ताण येऊन कागद तुटतो. शिवाय एवढ्या वूफरचा सगळा हलणारा भाग मिळून साधारण १० ते २० ग्रॅमचा. त्याच्या एकाच अंगाला जाड कापड आणि गोंदाचा गोळा बसवला तर तो सरळ हलेल कसा?

तुमच्या हेल्पलाइनवरच्या गृहस्थांनी सुचवलेला उपाय मात्र अविस्मरणीय होता : ‘आवाज कमी ठेवून वाजवा.’

शेवटी घरीच निस्तरलं. तुमचं ठिगळ सोलायला गेलो तर त्याबरोबर कोनच्या कागदाचा पापुद्राही निघायला लागला, म्हणून ते तसंच सोडलं. लाकडाला लावतात तो पांढरा गोंद थोड्या पाण्यात पातळ केला. वाळल्यावरही तो जरासा लवचीक राहतो. टिश्यू पेपरचा एकच पदर घेऊन त्याचा तुकडा कात्रीने न कापता हाताने फाडला, म्हणजे कडा विरळ होतात आणि कोनवर पायरी राहत नाही. चिरेच्या दोन्ही ओठांना एका पातळीत आणून ब्रशने गोंद लावला, तुकडा चिरेच्या चहूबाजूंनी सेंटिमीटरभर पुढे नेला. तो वाळल्यावर मागच्या बाजूनेही तसाच एक. मग रात्रभर हात लावला नाही. हा वेळ कुणालाच चुकत नाही, आणि तुमचा कागद म्हणतो १० मिनिटं!

दुसऱ्या दिवशी मोबाइलवरून खालपासून वरपर्यंत हळूहळू चढणारा एकच सूर वाजवला. फर्र गेली. तुमच्या कापडाचं वजन तेवढं कोनवर कायमचं बसलं.

त्या कागदावरच्या आणखी दोन गोष्टी लिहिल्यावाचून राहवत नाही. ‘मागून एका बोटाने कोन उचलून धरा’ असं त्यात म्हटलंय. व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनला मागून जोडलेली तारेची गुंडाळी, चुंबकाच्या ज्या फटीत हलते, तिथे तिच्या दोन्ही बाजूंना मिलिमीटरहूनही कमी जागा असते. एकाच बाजूने रेटा दिला की कॉइल तिरकी होऊन घासते. असा रेटा वरचेवर दिला तर चीर जोडूनही स्पीकर कामातून जायचा. आणि ‘सर्व प्रकारच्या कोनसाठी’ हे तर धादांत खोटं. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या कोनवर ना तुमचा गोंद धड टिकतो, ना माझा पांढरा. त्यासाठी वेगळा गोंद लागतो, आणि हे तुमच्या कारखान्यात कुणालाच माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

किटचे पूर्ण पैसे परत हवेत. त्याबदल्यात दुसरं किट पाठवू नका, ते मी उघडणारही नाही. ‘सर्व प्रकारच्या’ आणि ‘१० मिनिटांत’ हे शब्द खोक्यावरून काढा, कागदी कोनसाठी लवचीक राहणारा गोंद आणि पातळ कागद द्या, आणि ते बोटाचं वाक्य आजच्या आज खोडा. माझ्या वूफरच्या मॉडेलचा नुसता कोन तुम्ही सुटा विकता का, तेही कळवा; हेल्पलाइनवर तीनदा विचारूनही उत्तर मिळालं नाही.

उत्तर लेखी द्यावं. फोनवर आवाज कमी करण्याचा सल्ला पुन्हा ऐकायची तयारी नाही.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, दोन्ही चिरांचे फोटो, उरलेले कापडाचे तीन तुकडे