बाबा, स्लॅब टाकत नाहीये

नागपूर, २६ मे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवर शेतातल्या जुन्या मातीच्या घराच्या दुरुस्तीचा विषय निघाला की बाबा "बरं, पाहा तुम्ही" म्हणून फोन आईच्या हातात देतात, आणि आई म्हणते, "मला काय कळतं त्यातलं." दोघांनाही सगळं कळतं, म्हणून पत्र लिहितेय. दुपारी दादाकडे सगळे झोपले की निवांत वाचा. आधीच सांगून टाकते, बाबा, स्लॅब टाकत नाहीये.

तुम्हाला त्या ठेकेदाराचा हिशेब पटला होता. जुनं पाडून देतो, पाडायचे पैसे नको, फक्त लाकूड मी नेतो. मी लकडगंजात दोन आरा मशीनवाल्यांना जुन्या सागाचा भाव विचारला आणि मग त्याला दुरूनच नमस्कार केला. आपल्या खांबांचं आणि आडव्या तुळयांचं, म्हणजे मयालींचं, मोल त्याला आपल्याहून जास्त ठाऊक होतं.

मिस्त्रीने एकेक मयाल हातोडीने ठोकून पाहिली. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, खाल्लेलं भद् करतं. माजघरातल्या एकाच मयालीत उधई निघाली, तीही भिंतीत शिरलेल्या टोकाला. तेवढं टोक कापून जुन्याच सागाचा तुकडा जोडला, खाली टेकू दिला आणि भिंतीत जाणाऱ्या भागाला काळं तेल पाजलं. बाकी लाकूड आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त टिकेल.

काय ठेवायचं आणि काय काढायचं, याचा मी एकच हिशेब धरला आहे: जे अजून काम करतं ते राहील. कळमेश्वर रोडवर हल्ली जी 'फार्महाउसं' उभी राहतात त्यांचा मला राग येतो. आत काँक्रीटचा डबा, बाहेरून मातीसारखा रंग, फाटकावर बंडीचं चाक आणि दारात विजेवर चालणारे कंदील. आपल्या मोडक्या बंडीचं चाकही भिंतीला टांगून त्यात बल्ब लावू, असं चुलतभावाने सुचवलं. मी चाक सालदाराला देऊन टाकलं.

भिंती मात्र काम करतात. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आठवतं? शहरातल्या घरी तुम्ही रोज संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतत होतात, तरी रात्री बारालाही पंखा गरम हवाच फेकायचा. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर आपल्यावर ओकतो. दीड हात जाड मातीच्या भिंतीतून दुपारची धग आत यायला इतका वेळ लागतो, की तोवर बाहेरचं ऊन उतरलेलं असतं. वर उंच मातीच्या कवेलूंचं छप्पर, आड्याजवळ गरम हवेला जायला फटी. परवा दुपारी माजघरात चटई टाकून पडले होते, कूलरची आठवणसुद्धा झाली नाही.

ओल मात्र वाईट होती. खालच्या अर्ध्या भिंतीला मागे कधीतरी सिमेंट मारलंय ना, तिथेच सगळा लोणा, म्हणजे खाऱ्या ओलीचा पांढरा थर, धरला होता. माती पावसाळ्यात ओल घेते आणि हळूहळू सोडते. वरून सिमेंटचं कवच बसलं की ती ओल आत कोंडते आणि माती आतल्या आत भुसभुशीत होते. मिस्त्री म्हणाला, "ताई, मातीले सिमिट पकडतच नाही, पापडी होऊन सुटते." खरंच, सब्बल लावली तशी हातहात रुंद खपली निघून आली आणि मागे ओली माती. आता आतून मातीचा गारा आणि बाहेरून चुना. गारा करायला पांढरी माती, गव्हांडा (गव्हाचा भुसा) आणि शेण कालवून आठवडाभर कुजत ठेवलं. वास असा सुटला की शेजारच्या संत्र्याच्या बागेतले लोक विचारायला आले, काय मेलं म्हणून. पण त्या कुजण्यानेच गाऱ्याला चिकटपणा येतो आणि तो वाळताना कमी तडकतो. चुन्याच्या गिलाव्याला एक वाटा चुना आणि तीन वाटे रेती लागते, आणि तो बरेच दिवस ओला ठेवावा लागतो. इथल्या मे महिन्यात तेच सगळ्यात कठीण काम. गोणपाट टांगून त्यावर पाणी मारायला दोन पोरं ठेवली आहेत.

पश्चिमेच्या कोपऱ्यातली भेग भिंतीच्या दोषाने पडलीच नव्हती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि न्हाणीचं पाणी वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात मुरत होतं. आता तिथली काळी माती खोदून मुरूम भरला आणि पाण्याची नाली थेट केळीपर्यंत नेली.

मिस्त्रीला एकदा सेवाग्रामला नेऊन बापूकुटी दाखवली. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. त्या काळातल्या मातीच्या भिंती आणि कवेलूचं छप्पर आजही नीट सांभाळलंय. मी भिंतीवर मीराबेननी मातीत उठवलेली ताडाची झाडं पाहत होते; हा गडी बाहेर उभा राहून छपराचा पदर भिंतीच्या किती पुढे येतो ते हाताने मोजत होता. परत आल्यावर त्याने आपलाही पदर हातभर वाढवला. भिंतीवर पाऊसच आला नाही तर निम्मं दुखणं संपलं.

छपराचा प्रश्न वानरांचा आहे, हे तुमचं म्हणणं बरोबर. दर वर्षी कवेलू फेरायचे आणि दर वर्षी त्यांनी नाचायचं, हे परवडणारं नाही. म्हणूनच गावात सगळीकडे टिना आल्या. आपण दोन्ही केलं: खाली टिना, वर कवेलू. कवेलू फुटले तरी पाणी आत येणार नाही, आणि टिनावर ऊन थेट पडणार नाही. पुढच्या बाजूचे इंग्रजी कवेलू उतरवताना एकाच्या पोटावर 'बासेल मिशन, १८६५' असा छाप निघाला. बाबा, घर १८६५ चं आहे असं तुम्ही पाहुण्यांना सांगत आलात, ते इथूनच आलं असणार! ते साल बासेल मिशनच्या मंगळूरच्या कवेलू कारखान्याच्या स्थापनेचं आहे. घर आबाजींनीच बांधलंय, त्याचं वय वाढवू नका.

आई, आता तुझं. संडास-न्हाणी गुरांच्या कोठ्याच्या जागी केली, ओसरीच्या टोकाला. पायरी नाही, कमोड आहे, दोन्ही बाजूंना धरायला दांडे आहेत. रात्री अंगणात उतरायचं काम नाही. नळाचे पाइप भिंतीच्या बाहेरून नेलेत. मातीच्या भिंतीत पाइप गळला तर महिनाभर कळायचं नाही. वायरही लाकडी पट्टीवरून उघडीच. दिसायला फार सुंदर नाही, पण बिघडली तर भिंत फोडावी लागत नाही.

ओसरीत मी कोटा फरशी टाकतेय, घासून गुळगुळीत न केलेली. तुला सारवलेली ओसरी हवी होती ते माहीत आहे. पण गावात सारवायला आता कोणी मिळत नाही, आणि तू स्वतः पोतेरं घेऊन बसशील हेही मला माहीत आहे. त्या गुडघ्यांनी नको. अंगण मातीचंच ठेवलंय, सडा टाक किती टाकायचा तो. सांदवाडीतली चूलही आहे तिथेच आहे.

देवळीचं तेवढं कळव. माजघरातल्या पूर्वेच्या देवळीत देव ठेवायचे की ओसरीकडच्या? गिलावा तिथेच थांबलाय, आणि मृग लागायच्या आत भिंती वाळल्या पाहिजेत. दादाच्या फोनवरून दोन शब्द पाठवलेस तरी चालेल.

आणि बाबा, विहिरीकडच्या दाराची किल्ली कुठे आहे? ते पितळी कुलूप मला हवंय, मिस्त्री ते तोडायला निघालाय. त्याला दोन दिवसांचा दम दिलाय.

तुमची,
छकुली