एक हात मोकळा ठेवणारा कॅमेरा

नागपूर,
दि. ९ नोव्हेंबर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. काकूंना घेऊन डिसेंबरात बदामी, ऐहोळे, पट्टदकल आणि हंपी असा आठ दिवसांचा प्रवास ठरला, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभरातच काकूंनी स्वतःहून हा प्रवास मागितला, याचे मला विशेष कौतुक वाटते. सोबत पाठवलेली तुझी यादीही मी दोनदा वाचली. फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, २४-७० आणि ७०-२०० मिमीचे एफ/२.८ चे दोन झूम, ट्रायपॉड आणि जमल्यास ड्रोन, अशी ती यादी आहे. त्यातली एकही वस्तू वाईट नाही. परंतु ती यादी एकट्याने फिरणाऱ्या माणसाची आहे, आणि तू एकटा जाणार नाहीस.

बदामीच्या लेण्यांना पायऱ्या आहेत आणि चारही लेणी टप्प्याटप्प्याने वर चढत गेली आहेत. काकू त्या चढतील याविषयी मला शंका नाही, पण प्रत्येक पायरीला त्यांना तुझ्या हाताचा आधार लागेल. शिवाय तिथे माकडे फार आहेत आणि हातातल्या पिशव्यांवर त्यांचा डोळा असतो. म्हणून कॅमेरा निवडताना तू आधी एवढेच पाहावेस, की तो गळ्यात असताना तुझा एक हात पूर्ण मोकळा राहतो का, आणि लेन्स न बदलता दिवसाचे बहुतेक काम होते का. सेन्सर किती मोठा, मेगापिक्सेल किती, हे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो, त्याला कारण आहे. सहा वर्षांपूर्वी मी बाबांना घेऊन याच वाटेने गेलो होतो. पाठीवर मोठी बॅग होती आणि तिच्यात जवळजवळ तुझ्या यादीतलेच सर्व सामान होते. तिसऱ्या लेण्याकडे जाताना मला खांबांवरच्या शिल्पांसाठी लेन्स बदलायची होती, म्हणून बाबांना मी खालच्या कट्ट्यावर बसवले आणि वर गेलो. ते म्हणाले, "तू ये पाहून, मी आहे इथेच." मी परत आलो तेव्हा पाऊण तास झाला होता, आणि ते लेणे त्यांचे पाहायचे राहूनच गेले. आता बाबा नाहीत. त्या प्रवासाची ४०० च्या वर छायाचित्रे माझ्याकडे आहेत, त्यांपैकी बाबा पाचांमध्ये आहेत, आणि त्या पाचांतही दोनांत ते पाठमोरे आहेत. दगडांची छायाचित्रे चांगली आली, हे मी अमान्य करत नाही. पण कपाट आवरताना जेव्हा जेव्हा ती हार्डडिस्क हाती येते, तेव्हा मी ती पाचच उघडतो.

आता वजनाचे पाहू. फुलफ्रेम बॉडी साधारण ७०० ग्रॅम, २४-७० कोणत्याही कंपनीचा घेतला तरी ७०० ते ९०० ग्रॅम, ७०-२०० एक किलोच्या पुढे, आणि वाऱ्यात न हलणारा ट्रायपॉड दीड किलो. बॅग, बॅटऱ्या, पाण्याची बाटली आणि काकूंची औषधे धरली, तर सहा किलोंचे ओझे सहज होते. याउलट एपीएस-सी, म्हणजे फुलफ्रेमहून लहान सेन्सरचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा घे. उदाहरण म्हणून सोनीचा ए ६४०० घेऊ, कारण तो मी स्वतः वापरतो. बॅटरीसह बॉडी ४०३ ग्रॅम, १८-१३५ चा झूम ३२५ ग्रॅम आणि सिग्माची ३० मिमी एफ/१.४ लेन्स २६५ ग्रॅम, असे तिन्ही मिळून एक किलोही भरत नाही. कॅनन, निकॉन किंवा फुजीचा तशाच आकाराचा कॅमेरा तुझ्या हाताला बरा वाटला तर तो घे. त्याबाबत माझा हट्ट नाही.

फुलफ्रेमचा सेन्सर ३६ × २४ मिमी असतो, तर एपीएस-सीचा साधारण २३.५ × १५.६ मिमी. त्यामुळे १८-१३५ चे दृश्य फुलफ्रेमवरच्या २७-२०० इतके दिसते. म्हणजे पट्टदकलच्या देवळाचा समोरचा भाग आणि त्याच्या शिखरावरचे बारीक काम, दोन्ही एकाच लेन्समध्ये येतात. फार रुंद दृश्य हवे असेल तिथे मोबाइलमधला अतिरुंद कॅमेरा पुरेसा आहे. मोठ्या सेन्सरवर अंधारातल्या छायाचित्रात ठिपक्यांसारखे कण कमी दिसतात, हे खरे. परंतु तो लाभ तुला ज्या अंधारासाठी हवा आहे, त्यासाठी ३० मिमीची छोटी लेन्स अधिक कामाची आहे.

हा अंधार नीट समजून घे, कारण या प्रवासातली छायाचित्रणाची खरी अडचण तीच आहे. बदामीचे तिसरे लेणे चालुक्य राजा कीर्तिवर्मा याच्या काळात त्याचा भाऊ मंगलेश याने कोरवून घेतले. त्यातल्या शिलालेखात शके ५००, म्हणजे इ. स. ५७८, असा काळ दिला आहे. त्याच्या ओसरीच्या टोकाला शेषावर बसलेला विष्णू आहे आणि आत गेलास की दोन खांबांमागे उजेड एकदम कमी होतो. बाहेर उन्हाने तापलेला तांबडा वालुकाश्म आणि आत संध्याकाळसारखी सावली, असा तो भेद आहे. एफपुढचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र मोठे. झूमचे छिद्र ३० मिमीजवळ साधारण एफ/४ असते, एफ/१.४ त्याच्या आठपट प्रकाश आत घेते. झूमने जिथे शटर १/८ सेकंद उघडे ठेवावे लागेल, तिथे या लेन्सने १/६० सेकंदात काम होते. दगड हलत नाही, म्हणून हाताचा कंप भरून काढणाऱ्या झूममधल्या स्थिरीकरणावर शिल्पाचे छायाचित्र १/८ सेकंदातही निभावते. काकू मात्र वळून तुझ्याकडे पाहतील, हसतील, काही बोलतील, आणि ते स्थिरीकरणाने टिपता येत नाही. त्याला शटरच जलद लागते. म्हणून लेण्यात शिरण्यापूर्वी, बाहेर उजेडात उभे राहूनच, छोटी लेन्स लाव आणि बाहेर पडेपर्यंत ती काढू नकोस. आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत नेताना कचरू नकोस. छायाचित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात घे, कारण रंग आपोआप जुळवणारा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स त्या दगडाचा तांबडेपणा उतरवून टाकतो, आणि तो तुला घरी बसून परत आणता आला पाहिजे.

ट्रायपॉड घरी ठेव. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत तो लावायचा तर आधी परवानगी काढावी लागते, आणि ड्रोनचेही तसेच. कोरीव छत टिपायचे असेल तर कॅमेरा रुमालावर उताणा ठेवून दहा सेकंदांचा टायमर लाव, काम होते. फिल्टर एकही नेऊ नकोस. चमक कमी करणारा पोलरायझर दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त प्रकाश खातो, आणि काकूंना उन्हात उभे करून तो फिरवत बसणे मला बरे वाटत नाही.

बॅटऱ्या तीन ने. मिररलेसची बॅटरी एका चार्जमध्ये साधारण ३५० ते ४०० छायाचित्रे देते, आणि हा कॅमेरा पॉवरबँकवरही चार्ज होतो, हे सोलापूर-गदग मार्गावरच्या गाडीत उपयोगी पडेल. कार्ड ६४ जीबीची दोन घे. एकात २,००० हून अधिक रॉ फाइल मावतात, पण बदामी संपली की कार्ड बदल, म्हणजे एखादे बिघडले तरी सगळा प्रवास जाणार नाही. सीताबर्डीवर पैसे जमवून आणलेल्या ३६ च्या रोलवर आपण दोघांनी अख्खी रामटेकची सहल काढली होती, ते आठवते का? तेव्हा प्रत्येक वेळी बटण दाबण्यापूर्वी आपण एकमेकांना विचारत असू. या वेळी तू काकूंना विचारत जा; त्यांना काय आवडले ते ऐकून मग कॅमेरा उचल.

कॅमेरा नवाच हवा असे नाही. वापरलेला घेणार असशील तर लेन्समधून मोबाइलच्या टॉर्चचा उजेड आरपार मारून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी असते, आणि अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नकोस. माझी एक चांगली लेन्स अशीच गेली. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर लावलेल्या खोलीत हवा किती दमट होते ते तुला माहीत आहे. मी ती लेन्स त्याच खोलीतल्या कपाटात दोन उन्हाळे ठेवली होती. आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो.

निघण्यापूर्वी एक काम अवश्य कर. सगळे सामान भरून एका रविवारी काकूंसह पांडवलेण्यांवर जाऊन ये. पायऱ्या आहेत, चोवीस लेणी आहेत आणि आत बदामीसारखाच अंधार आहे, तेव्हा याहून चांगली तालीम नाशिकात होणार नाही. परतल्यावर खांद्याला जे जड वाटले असेल, ते पिशवीतून काढून टाक.

आता एक विनंती. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात मागच्या बाजूला एक अंधारी जागा आहे. तिथे लहानशा फटीतून प्रकाश येतो आणि समोरच्या भिंतीवर पूर्वेच्या उंच गोपुराची उलटी प्रतिमा पडते. सूचिछिद्र कॅमेरा ज्या तत्त्वावर चालतो तेच हे तत्त्व, आणि त्याला लेन्स लागत नाही. बाबा त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले होते. लहानपणी शाळेत खोक्याला भोक पाडून केलेला कॅमेरा त्यांना आठवला होता. मी मात्र ट्रायपॉड उघडण्याची परवानगी कुणाकडे मागावी या शोधात बाहेर फिरत होतो. तू तिथे गेलास की छोटी लेन्स लाव, छिद्र पूर्ण उघड, खांबाला पाठ टेकून श्वास रोख, आणि काकूंना त्या भिंतीच्या कडेला उभे कर. भिंतीवरचा तो उलटा गोपूर आणि त्याकडे पाहणाऱ्या काकू, असे एक छायाचित्र मला पाठव. थोडे हलले तरी चालेल.

काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग. कॅमेरा घेतल्यावर कोणता घेतलास ते कळव.

तुझा,
अविनाश