एका ओवीपलीकडचे फादर स्टीफन्स

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २७ फेब्रुवारी जवळ आली, की मराठी भाषा गौरव दिनाच्या पुरवण्यांत आणि भाषणांत फादर थॉमस स्टीफन्स यांनी केलेली मराठीची स्तुती हमखास भेटते. फुलांत मोगरी, सुगंधांत कस्तुरी, तशी भाषांत मराठी, असे एका परदेशी पाद्र्याने चारशे वर्षांपूर्वी म्हटले, याचे कौतुक मलाही आहे आणि वर्गात ते मी अनेक वर्षे शिकवले आहे. मात्र ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत सांगणाऱ्या त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या जवळजवळ अकरा हजार ओव्यांपैकी आपण एवढ्या मोजक्याच ओव्या उचलतो आणि उरलेल्या ग्रंथाकडे पाठ फिरवतो, याची खंत वाटते म्हणून हे पत्र लिहीत आहे.

स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले, जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मोपदेशक. ते १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि पुढची सुमारे चाळीस वर्षे, बहुतांशी दक्षिण गोव्यातल्या साष्टी भागात, तिथेच राहिले. साष्टीतली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती आणि गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १५६० पासून सुरू होते. १५८३ मध्ये साष्टीतल्याच कुंकळ्ळी गावी पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर पोर्तुगीजांनी तिथल्या गावकऱ्यांच्या प्रमुखांना कपटाने ठार केले. त्या पाच जणांचे मृतदेह आणण्याच्या कामात स्टीफन्स स्वतः होते. भाषाप्रेमाच्या गोड आठवणीत हे सारे गाळून टाकले, तर तो ग्रंथ कोणत्या जमिनीवर उभा आहे हेच वाचकाला कळणार नाही.

आणि तरीही त्याच जमिनीवरून ग्रंथाच्या आरंभी जे येते, ते मला प्रत्येक वाचनात थांबवते. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीबाबांना म्हणतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही मना केलीत, मग त्यांच्या जोडीचे काही आम्हाला का करून देत नाही? ग्रंथाचे प्रयोजन सांगणारा हा प्रसंग एका अर्थी कबुलीजबाबच आहे. ज्यांच्याकडून पुराण काढून घेतले, त्यांची पुराणाची भूक गेलेली नव्हती, हे लेखकाला ठाऊक होते आणि ते त्याने लपवले नाही. बायबलचा गद्य अनुवाद करून तो मोकळा झाला नाही. त्याने ओवी घेतली, ज्ञानेश्वरीप्रमाणे ‘ओं नमो’ने आरंभ केला, आणि श्रोत्यांच्या कानात आधीपासून असलेल्या लयीतच ख्रिस्तचरित्र सांगितले.

मूर्तिपूजेचा निषेध त्या ग्रंथात आहे. तो नाकारण्याचे कारण नाही. पण स्वर्गासाठी जेव्हा स्टीफन्स ‘वैकुंठ’ हा शब्द योजतात, तेव्हा काय घडते याचा विचार आपण फारसा करत नाही. शब्द काही रिकामे भांडे नसतो, की जुने ओतून टाकावे आणि नवे भरावे. वैकुंठ म्हटले, की विष्णू येतो, नामस्मरण येते, तिथे जाण्याची भक्ताची आस येते, आणि लेखकाने मनातून हे सगळे वगळले असले तरी ऐकणाऱ्याने वगळले असेल असे मला वाटत नाही. परमेश्वर, भक्ती, मुक्ती हे शब्द वापरणाऱ्या धर्मोपदेशकाला हिंदू चिंतनाशी वाद घालण्यासाठीसुद्धा त्याच चिंतनाच्या अंगणात उतरावे लागले. माझ्या मते ख्रिस्तपुराणाचे खरे वाङ्मयीन आणि आध्यात्मिक नाट्य इथे आहे. मराठीच्या स्तुतीत ते फार थोडे आहे.

हा ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला रोमन लिपीत छापला गेला, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. पुढे लंडनमध्ये त्याची देवनागरी हस्तलिखित प्रत उजेडात आली, तिच्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आढळतात. १९२० च्या दशकात या प्रतीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणारे जस्टिन अ‍ॅबट हेही मिशनरीच, अमेरिकन मराठी मिशनचे. निवृत्तीनंतर मायदेशी परतलेल्या या माणसाने उतारवयात एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास यांच्या चरित्रांचे आणि रचनांचे इंग्रजी अनुवाद हाती घेतले आणि महिपतींच्या ‘भक्तविजया’चा अनुवाद पंडित नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने केला. त्याआधी १९१९ मध्ये निकोल मॅकनिकोल या स्कॉटिश मिशनऱ्याने मराठी संतांची १०८ पदे इंग्रजीत आणली होती. संख्या १०८ च निवडावी, हेही मला बोलके वाटते. त्यांच्याही आधी, उलट दिशेने, हिंदू धर्मातून ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगत होते आणि ख्रिस्ताविषयी अभंग रचत होते.

अशा माणसांविषयी आपल्याकडे बोलणे निघाले, की लगेच दोन गट पडतात. एकाला ते केवळ धर्मांतराचे हत्यार दिसते, तर दुसऱ्याला सर्वधर्मसमभावाचा निर्मळ आदर्श. माझा आक्षेप दोघांवरही आहे, कारण दोघेही ग्रंथ न उघडताच निकाल देतात. धर्मप्रसाराचा हेतू होता आणि तो या मंडळींनी कधी लपवला नाही. पण ज्या परंपरेला ते चूक ठरवायला आले, तिच्याच शब्दांवाचून त्यांना प्रार्थनाही लिहिता येईना, हेही तितकेच खरे आहे. स्टीफन्स यांची ओवी वाचताना या दोन्ही गोष्टींचा ताण जाणवतो, आणि तो सैल करण्याची घाई वाचकाने करू नये असे मला वाटते.

शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये हा ग्रंथ देवनागरीत आणून मराठी वाचकाची वाट सोपी केली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. आपल्या पुरवणीत येत्या फेब्रुवारीत नेहमीच्या ओवीऐवजी ब्राह्मणाच्या त्या मागणीचा प्रसंग अर्थासह छापावा, आणि एखाद्या संतसाहित्याच्या अभ्यासकाकडून व एखाद्या ख्रिस्ती धर्माभ्यासकाकडून त्यावर स्वतंत्रपणे लिहवून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त मराठी अध्यापिका