‘एक्स पार्टी’ म्हणजे माजी पक्षकार नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘हायकोर्टाकडून सुमोटो दखल’ हा आपल्या अंकातला मथळा वाचून शेजारची अकरावीतली मुलगी विचारायला आली, ‘आजोबा, सुमोटो म्हणजे काय?’ बातमी दोनदा वाचली. अर्थ कुठेच दिलेला नव्हता. मूळ लॅटिन शब्द ‘सुओ मोटू’, म्हणजे कुणी अर्ज न करता आपणहून. ‘स्वतःहून दखल’ एवढं छापलं असतं तर तिला माझ्याकडे यावं लागलं नसतं.

हे पत्र लिहिण्याचं खरं कारण मात्र जुनं आहे. मी सातारा जिल्ह्यात तालुका कोर्टात लिपिक होतो. नक्कल विभागात असताना एक शेतकरी आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा, त्याखाली घडी घालून मऊ पडलेलं समन्स आणि वर दरखास्तीची, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची, नवी नोटीस. बांधाच्या दाव्यात त्यांच्याविरुद्ध हुकूमनामा होऊन पाच महिने झाले होते. ‘एवढे दिवस का आला नाहीत?’ असं विचारलं तर म्हणाले, ‘साहेब, मला कोर्टातच सांगितलं, तुमचं एक्स पार्टी झालंय. आमच्याकडं घरटी एक्स-सर्व्हिसमन. मला वाटलं, मी आता माजी पार्टी. माझं नाव निघालं, सुटलो.’

‘एक्स पार्टे’ म्हणजे एका बाजूने, दुसरी बाजू हजर नसताना. आपला ‘एकतर्फी’ हा शब्द त्याला तंतोतंत बसतो आणि गावातल्या म्हाताऱ्यालाही कळतो. समन्स रीतसर बजावलेलं असेल, तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याचा अर्ज 30 दिवसांत करावा लागतो. त्यांचे ते दिवस घरी बसून गेले. पुढे विलंब माफीचा वेगळा अर्ज, वकिलाची वेगळी फी आणि वर्षभराचे हेलपाटे. त्या दिवशी कुणी ‘एकतर्फी’ म्हटलं असतं तर हा माणूस दुसऱ्याच दिवशी वकिलाकडे गेला असता.

लॅटिनशी माझं वैर नाही. नोकरीत या शब्दांनी मला फार शिकवलं. ‘ऑडी आल्टेरम पार्टेम’, दुसऱ्या बाजूचंही ऐक. यातला ‘पार्टेम’ आणि ‘एक्स पार्टे’मधला ‘पार्टे’ एकच शब्द, अर्थ बाजू. ‘कॅव्हेट’ म्हणजे ‘सावध असावे’; मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा कोर्टात आधीच दिलेला अर्ज. मंगलाष्टकांतलं ‘सावधान’ आठवलं की विसरायला होत नाही. कॅव्हेट 90 दिवसच चालतं, हे मात्र अनेकांना माहीत नसतं.

आणि हेबियस कॉर्पस. शब्दशः ‘देह तुझ्यापाशी असू दे’, म्हणजे कोठडीत ठेवलेला माणूस न्यायाधीशासमोर आणून उभा कर. आणीबाणीत, 1976 साली, हा हक्कच स्थगित असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी दिला. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तो निकाल मोडीत काढला. एवढा इतिहास ज्या शब्दामागे आहे त्याचा अर्थ वाचकाला कळलाच पाहिजे. आपल्या मराठी संविधानात त्याला ‘देहोपस्थिती’ म्हटलं आहे, आणि ‘को वॉरंटो’ला, म्हणजे ‘कोणत्या अधिकाराने?’ या सवालाला, ‘क्वाधिकार’. इतके नेमके शब्द घडवले गेले, पण बातमीत ते मला क्वचितच दिसतात.

म्हणून विनंती एवढीच: बातमीत असा शब्द पहिल्यांदा येईल तिथे मराठी शब्द आधी द्या, लॅटिन हवं तर त्याच्या शेजारी. अ‍ॅमिकस क्युरी, म्हणजे कोर्टाला मदत करणारे वकील, आले की ‘न्यायमित्र’ लिहा. प्रायमा फेसीला ‘प्रथमदर्शनी’ हा शब्द तर आपण रोज वापरतोच. आणि तालुक्याच्या बातमीदाराला ‘एक्स पार्टी’ आजपासूनच बंद करायला सांगा, कारण त्याची बातमी गावात पारावर मोठ्याने वाचली जाते.

आपला,
एक निवृत्त कोर्ट कर्मचारी, जि. सातारा