पोळ्याला मी गाडी घेऊनच येणार

छत्रपती संभाजीनगर

ती. बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "रस्त्याचं काम होईस्तोर येऊ नकोस बाई, गाडीचा पार खुर्दा व्हायलाय." फोन ठेवता ठेवता मागून आईचा आवाज आला, "लेकरापेक्षा गाडी जड झाली का?" ते ऐकल्यापासून माझं कामात लक्ष नाही. आषाढात एकदा येऊन गेले ती गेलेच. आईच्या गुडघ्याचं कसं चाललंय ते फोनवर कळत नाही, कारण ती "बरंय" याच्यापुढे काही सांगत नाही. म्हणून माझ्या विजेच्या गाडीचं मी काय केलंय ते सगळं लिहिते, म्हणजे रस्त्याचं कारण उरणार नाही.

त्या खेपेला गाडीचा रंग उडालाय असं तुमच्या लक्षात आलं, ते खरंच होतं. परत आल्यावर गाडी धुतली आणि मागच्या दारापाशी उकिडवी बसून पाहिलं. दाराखालच्या लांब पट्टीवर मोहरीएवढे खड्डे पडलेले. डोळ्यांना नीट दिसत नव्हते, बोट फिरवलं की खरखरीत लागत होते. डावीकडे अकरा मोजले, उजवीकडे आठ. एकाच्या कडेला तर तांबूस कड आली होती. नवी गाडी, एक पावसाळाही पुरता झालेला नाही, आणि पत्र्याला गंज धरायला लागलेला. फार जिवाला लागलं.

घर ते केज मला त्रास नाही. पाचोड, शहागडचा गोदावरीचा पूल, गेवराई, बीड, मांजरसुंब्याचा घाट, सगळं चांगलं आहे. घात होतो तो आपल्या फाट्यापासून गावापर्यंतच्या सात किलोमीटरांत. तिथे खडी पसरून ठेवलीय आणि डांबराचा पत्ता नाही. आपल्याकडची खडी म्हणजे क्रशरवर फोडलेला काळा पाषाण, कडा अजून धारदार. टायरच्या खाचेत असा खडा अडकला की चाकाबरोबर फिरतो आणि सुटला की मागे उडतो. गाडी साठच्या वेगात असेल तर चाकाची कडही गाडीच्या मानाने साठच्याच वेगाने फिरत असते, म्हणजे खडा त्याच जोराने पट्टीवर बसतो. आणि गाडीचा रंग तो केवढा! खालचा गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि वरचं चकचकीत लॅकर, सगळं मिळून एका मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा.

विजेच्या गाडीला हे जास्त सोसावं लागतं. पायाखाली बॅटरी असल्याने तशाच पेट्रोल गाडीपेक्षा ती बरीच जड असते, आणि मोटर पाय ठेवताक्षणी सगळा जोर चाकाला देते. खडीवर जरा जोरात दाबलं की चाक जागच्या जागी फिरतं आणि मूठभर खडी मागे फेकतं. हे मला उशिरा कळलं. आता फाट्यावर वळलं की मी ताशी वीस-पंचवीसच्या वर जात नाही, आणि पुढे उसाची ट्रॉली असली तर लांबच राहते.

खडीने टवका उडवायचा आणि काळ्या मातीने त्यावर बसायचं. ही माती पाणी पिऊन फुगते आणि सोडता सोडत नाही, ते तुम्हाला मी काय सांगावं! शेताला वापसा यायला जेवढे दिवस लागतात, तेवढे दिवस त्या पट्टीच्या कोपऱ्यात ओल राहते. वरून गाडी कोरडी ठणठणीत दिसते आणि आत पत्रा ओला. वखराच्या पासेला चिकटलेली माती तुम्ही घरी आणण्याआधी बांधावरच खरडून काढायचात, ते याचसाठी ना?

तर मी चारही चाकांमागे मड फ्लॅप, म्हणजे खडे-चिखल अडवणाऱ्या लोंबत्या पट्ट्या, बसवून घेतले. पण ही अक्कल मला दुकानदाराने दिलेली नाही. तुमची ती जुनी दुचाकी, एम-एटी, आठवते का? पुढच्या मडगार्डाला तुम्ही सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा कापून तारेने बांधला होता. आई मागे बसायची आणि माहेरी पोचेपर्यंत तिच्या लुगड्यावर चिखलाचा थेंब नसायचा. तो तुकडा जमिनीपासून चार बोटं वर राहील असा तुम्ही दोनदा कापून बघितला होता. मी शेजारी तार धरून उभी होते.

पहिल्यांदा मात्र मी फसले. इथल्या एका दुकानातून कुठल्याही गाडीला चालतात असे रबरी फ्लॅप आणले. बसवणारा पोरगा ड्रिल मशीन घेऊनच आला, "ताई, चार भोकं पाडू, दहा मिनिटांत होतं." मी हात धरला त्याचा. पत्र्याला नवं भोक पाडलं की त्या भोकाची कड उघडी, रंग जपायला निघालो आणि गंजाला आपणच दार उघडून दिलं. मग त्याने क्लिपांवर भागवलं. ते फ्लॅप ढिले राहिले, चालताना थरथरायचे. महिन्याभराने काढून पाहिले तर कमानीच्या कडेला चंद्रकोरीसारखा निस्तेज पट्टा पडलेला. फ्लॅप आणि पत्र्याच्या मधे धूळ अडकून पॉलिश पेपरसारखी घासत होती.

दुसऱ्या खेपेला माझ्याच मॉडेलच्या मापाचे कडक प्लास्टिकचे आणले आणि गॅरेजवाल्यासमोर उभी राहून बसवून घेतले. आधी जुने टवके. गंज बारीक पेपरने काढला, प्रायमर लावला, वाळल्यावर गाडीच्या रंगाच्या नंबराचा टचअप भरला. जवळ गेलं की दिसतं, पण पत्रा झाकला गेला. मग फ्लॅप जिथे टेकणार तिथे रंगावर पारदर्शक फिल्मची पट्टी चिकटवली. त्यानंतर स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं, म्हणजे पुढचं चाक वळून त्याच्या मागे हात जायला जागा झाली. चाक काढावं लागलं नाही, जॅकही लावला नाही. जॅक लावायचा तर कंपनीने खुणेने दाखवलेल्या जागीच, मधे तळाला बॅटरी असते, तिथे टेकवायचा नाही, हे मी त्याला आधीच बजावलं होतं. चाकाच्या कमानीत आतून जे काळं प्लास्टिक असतं, त्याचे मूळचे स्क्रू काढून त्याच भोकांत फ्लॅप धरून परत कसले. मागच्या चाकांना त्याला गाडीखाली आडवं पडून हात घालावा लागला. शेवटी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून, चौघांना गाडीत बसवून पाहिलं. टायर कुठे घासत नाही.

जमिनीपासून किती वर ठेवायचे, यावर त्याचं नि माझं एकमत होईना. तो म्हणे जेवढे खाली तेवढं चांगलं. मी पुढचे जरा आखूडच ठेवले, आपल्या शाळेसमोरचा गतिरोधक डोळ्यांसमोर होता. आता दोनदा पैठणला जाऊन आले, भर पावसात. पट्टीवर बोट फिरवलं, गुळगुळीत. पुढच्या बंपरला फ्लॅपचा उपयोग नाही, तिथे समोरच्या गाडीने उडवलेले खडे लागतातच. फ्लॅपमुळे बॅटरीही पूर्वीपेक्षा जास्त खाल्ली असं काही जाणवलं नाही.

बाबा, तुम्ही विचारलं होतं, पाण्यात गेल्यावर करंट बसेल का. बॅटरीची पेटी पूर्ण सीलबंद आहे. तिला आयपी ६७ असा दर्जा आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवूनही आत पाणी जाऊ नये अशी तिची चाचणी घेतलेली असते. तरी ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहत असेल तर मी अलीकडेच थांबणार. गाडी कुठलीही असो, तो ओढा माणूस वाहून नेतो. अशा वेळी मी फोन करेन, तुम्ही टॉर्च घेऊन पुलापाशी येऊ नका.

आता एक मागणं आहे, रागावू नका. मी आले की तुम्ही पहाटेच उठून खांद्यावरच्या उपरण्याने गाडी पुसून काढता. मला ते खिडकीतून दिसतं आणि पोटात माया दाटून येते, म्हणून आजवर बोलले नाही. पण कोरड्या चिखलात बारीक कच असते, ती रंगावर ओढली जाते. उन्हात तिरकं पाहिलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात. हौदाला जी नळी लावलीय, तिने आधी भरपूर पाणी मारा, फ्लॅपच्या मागे तर जास्तच, तिथे माती साठून राहते. चार्जिंगच्या झाकणावर तेवढी धार धरू नका. आणि मग हवं तेवढं पुसा, तुमच्यासारखं कोपरान् कोपरा कोणी पुसत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, दुपारी निघते, अंधाराच्या आत पोचते. शिंगांसाठी हिंगूळ आणि बेगड इथून आणते, गावातल्या दुकानात मागच्या वर्षी चांगला मिळाला नव्हता. आई, तू पुरणाचा घाट घालायला जमिनीवर बसू नकोस, मी आले की पाटा धुऊन घेते. दुसऱ्या दिवशी सणाचं आटोपलं की आपण दोघी अंबाजोगाईला दवाखान्यात जाऊ, मागची सीट तुझ्यासाठी मोकळी ठेवलीय, पाय लांब करून बसता येईल. फाट्यापासून हळूच नेईन.

तुमची,
वैशू