नानांच्या घरचा बार

कोथरूड, रविवार

प्रिय सुध्या,

सुमीच्या रिसेप्शनमधल्या दारूच्या बारची जबाबदारी नानांनी माझ्या गळ्यात घातलीये. हो, नानांनीच! गच्चीच्या जिन्यात उभं राहून आपली तोंडं हुंगणाऱ्या नानांनी. वर म्हणाले, "तुम्हा दोघांना त्यातलं कळतं." आवाजात तिरकसपणाचा लवलेश नाही. घरात कोणाला यातली गंमत कळेना, म्हणून तुला लिहितोय. बाकी सगळं ठीक. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर तशीच.

बजेट पन्नास हजार, बर्फापासून पोरांच्या मजुरीपर्यंत सगळं धरून. पाहुणे अडीचशे, जागा खडकवासल्याच्या अलीकडचं ते लॉन. त्यात पिणारे किती, हा खरा प्रश्न. मी आणि वहिनींनी यादी घेऊन एकेका नावावर खूण केली. शनिवारवाले वेगळे, संकष्टीवाले वेगळे, मार्गशीर्षातले गुरुवार पाळणारे वेगळे. रिसेप्शन रविवारी आहे हे नशीब. सोमवारवाले तेवढे रात्री बाराच्या आत आटपतील. गोळाबेरीज नव्वद. पन्नास हार्डवाले, तीस बीअरवाले, दहा वाइनवाले.

आता तू 'माणशी हाफ' म्हणणार, मला माहितीये. अरे, कोणी दोन पेगवर उठतो, कोणी पाचांवर बसून राहतो. सरासरी माणशी क्वार्टरच पडते. १८० मिलि म्हणजे साठ-साठचे तीन लार्ज. पन्नास जणांचे झाले नऊ लिटर, म्हणजे ७५० चे बरोब्बर बारा खंबे. आठ व्हिस्की, तीन रम, एक व्होडका. डिसेंबरातली लॉनवरची रात्र आहे, रम जास्त उठणार. हेच लग्न मे महिन्यात असतं तर दोन खंबे कमी करून बीअरच्या दोन पेट्या वाढवल्या असत्या. बीअर माणशी ६५० च्या दोन, म्हणजे साठ बाटल्या, पाच पेट्या. वाइनच्या एका बाटलीत १५० चे पाच ग्लास होतात. दहा जणांना दोन-दोन धरले तर चार बाटल्या पुरतात. सहा घेतोय, कारण 'मी फक्त चव बघते' म्हणणाऱ्या मावश्या यादीत कधीच सापडत नाहीत.

व्हिस्की एकच, मध्यम किमतीची. चार ब्रँड ठेवले की प्रत्येक जण चारही चाखतो आणि शेवटी चार अर्धे खंबे उरतात, जे दुकानदार परत घेत नाही. सीलबंद घेईल का, ते खरेदीआधीच विचारायचं आणि बिल जपून ठेवायचं. जिन नाही, कारण जिन आली की टॉनिक आलं, आणि टॉनिक दुसरं कोणी पीत नाही. २०२५ च्या जूनात सरकारने इथेच बनणाऱ्या 'विदेशी' मद्यावरचं (म्हणजे व्हिस्की, रम वगैरेंवरचं) शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, तेव्हापासून स्वस्त व्हिस्की ही चीजच राहिली नाही. बीअर-वाइन त्या वाढीतून सुटली, म्हणून तरुण पोरांना तिकडे वळवायचं. तसंही कायद्याने पंचविशीच्या आत हार्ड नाही, बीअर-वाइन एकविसापासून. बंटीला आत्ताच सांगून ठेवलंय. तो माझ्याशी बोलत नाहीये.

आणि हो, गोव्याहून चार खंबे आणायची तुझी ती अमर तोड पुन्हा काढू नकोस. जोशीकाकांच्या लष्करी कँटीनच्या बाटल्याही नकोत. दोन्ही इथल्या कार्यक्रमात चालत नाहीत, आणि तपासणीला कोणी आलं तर पहिली नजर बाटलीवरच्या लेबलवरच जाते. एक दिवसाचा परवाना राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून ऑनलाइन काढतोय. लॉनवाला म्हणतो, "कशाला, सगळे असंच करतात." करू देत. दंडाची पावती नानांच्या नावाने फाटेल आणि ती मला आयुष्यभर ऐकवली जाईल. तारीख पक्की करताना निवडणुकाही बघाव्या लागल्या. मतदान संपायच्या आधीचे अठ्ठेचाळीस तास कोरडे असतात.

पण मला झोप लागत नाही ती दारूपायी नव्हे, बर्फापायी. पम्याच्या लग्नात दारू कमी पडली, असं तू अजून सांगत फिरतोस. दोन खंबे सील न तोडता परत गेले होते, सुध्या. संपला होता बर्फ, आणि त्याच्या मागोमाग सोडा. कोमट व्हिस्की हातात घेऊन माणूस 'दारू संपली' असंच म्हणतो.

म्हणून यंदा बर्फाचे दोन हिशेब. ग्लासातला खाण्याचा बर्फ पिणाऱ्यामागे अर्धा किलो, म्हणजे ४५ किलो. तो झाकणाच्या थर्मोकोल खोक्यात, तळाला भोक पाडून, म्हणजे वितळलेलं पाणी निघून जातं. बीअर गार करायला कारखान्याची लादी, साठ किलो. ती निळसर असते, राज्यात २०१८ पासून तसा रंगच सक्तीचा आहे. तिचा एक खडाही ग्लासात जाता कामा नये. लादी गोणपाटात गुंडाळून टोच्याने फोडायची आणि टबात बाटल्यांच्या गळ्यापर्यंत पाणी घालायचं. ही पाण्याची पायरी पोरं हमखास गाळतात. नुसता बर्फ बाटलीला चार ठिकाणी टेकतो, मध्ये हवा राहते. पाणी चहूबाजूंनी लागतं. अगदी घाई असेल तर दोन मुठी जाडं मीठ, वीस मिनिटांत बीअर गार. पण मिठाच्या पाण्यात बाटल्या विसरल्या तर आत गोळा होतो आणि काच तडकते. दोन तास आधी टब भरला तर मिठाची गरजच नाही.

बर्फ काढायला स्कूप, ग्लास नाही. ग्लासाची कड बर्फात फुटली की काच आणि बर्फ वेगळा ओळखू येत नाही, अख्खं खोकं ओतून द्यावं लागतं.

सोड्याच्या ७५० च्या चोवीस बाटल्या. दोन लिटरच्या मुळीच नकोत, अर्ध्यावर येईतो त्यातला वायू उडतो. थम्सअपच्या सहा मोठ्या, लिमकाच्या चार, पाण्याचे तीन जार, लिंबं पन्नास. चखण्याला खारे दाणे, फुटाणे आणि चिवडा मिळून नऊ किलो. मसाला पापड नाही, थंडीत दव पडलं की दहा मिनिटांत मऊ. प्लास्टिकचे ग्लास २०१८ पासून बंदच आहेत. कागदी ग्लासात रम प्यायला नानाच तयार नाहीत (हो, नाना!), म्हणून काचेचे भाड्याने, पिणाऱ्यामागे तीन. फुटलेल्याचे पैसे वेगळे.

काउंटरवर दोन पोरं, पेग मेजर, म्हणजे दारू मोजायचं माप, दोघांच्याही हातात. हाताने ओतलं की साठाचे ऐंशी होतात आणि बारा खंब्यांचे नऊच उरतात. दार उघडलं की पहिली वीस मिनिटं झुंबड असते, म्हणून वीस ग्लासांत साठ-साठ आधीच ओतून ठेवायचे, सोडा समोर. बीअरचा टब काउंटरपासून लांब, म्हणजे रांग फुटते. काउंटरवर एका वेळी दोनच खंबे उघडे, बाकी गाडीच्या डिकीत. रिकामा खंबा द्यावा, भरलेला न्यावा. किल्ली न पिणाऱ्याकडे, म्हणजे आपल्यापैकी कोणाकडेच नाही, मंदाताईकडे. जेवण उठायच्या अर्धा तास आधी शेवटचा राउंड, मग भाऊसाहेब कितीही गळ्यात पडोत.

परतीच्या सिंहगड रोडवर नाकाबंदी असू शकते. शंभर मिलि रक्तात तीस मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे, पहिल्याच वेळी दहा हजार दंड. नऊ हजारांत दोन टेम्पो ट्रॅव्हलर ठरवायचे म्हणतोय, पण ते पैसे या पन्नासात बसत नाहीत आणि नानांकडे मागायला जीभ रेटत नाही. तुझं ते ऐकतात.

तुझ्या बदलीचं कळलं. नागपूर वाईट नाही म्हणतात, उन्हाळा सोडून. चिनूला बारावीचे मार्क चांगले पडले, पेढे बाकी. नीताला मान वर करून बघायचं सांग, मोबाइलचं दुखणं आहे ते.

तर दोन कामं. नानांना फोन कर, पण टेम्पोचंच बोल, बारा खंब्यांचा आकडा काढू नकोस. आणि रविवारी चारला लॉनवर ये. लादी साडेचारला येणार आहे आणि टोच्या चालवायला दुसरं कोणी नाही.

तुझा,
पक्या

ता. क. माणशी क्वार्टरच. फोनवर वाद नको.