गावाला न उमगलेला शिल्पकार

महोदय,

गावाने न ओळखलेल्या कलावंताची कथा बहुधा हळवी होते आणि गावकरी त्यात सरसकट खलनायक ठरतात. अमेरिकन लेखिका विला कॅथर यांची १९०५ सालची ‘द स्कल्प्टर्स फ्युनरल’ ही कथा या सोप्या वाटेने जात नाही, म्हणून हे पत्र.

नामांकित शिल्पकाराचे शव कॅन्सासमधील त्याच्या गावी येते, तेव्हा शवपेटीवर सन्मानाची खूण म्हणून ठेवलेल्या ताडाच्या पानाकडे स्टेशनावर जमलेले लोक कुतूहलाने पाहतात, बोलत मात्र कुणीच नाही. रात्री जागायला बसलेल्यांपैकी एकाला आठवते ते एवढेच की, पोरगा सूर्यास्त बघत राहिला आणि आपली उत्तम दुभती गाय हकनाक गेली. (गाईवाल्याचे दुःख खोटे नाही, हेही मान्य करायला हवे.) या मंडळींना खडसावणारा वकील जिम लेअर्ड स्वतः त्याच गावाला विकला गेलेला आणि दारूत बुडालेला असल्यामुळे त्याचा संताप उपदेशासारखा न वाटता कबुलीजबाबासारखा वाटतो. पुढे गावातल्याच बँकमालकाच्या मुलाचा बचाव करण्यासाठी कोलोरॅडोचे डोंगर ओलांडताना थंडी बाधून तो दगावतो. शिल्पकाराच्या मरणापेक्षा मला हे मरण अधिक बोचले.

– एक वाचक